पतइतिहास नसताना पहिले कर्ज कसे मिळवावे?

किराणा दुकानाची उधारी दर महिन्याला चुकती केली, भिशीचा हप्ता एकदाही चुकवला नाही, हातउसने घेतलेले पैसे वेळेवर परत केले. तरीही बँकेत कर्ज मागायला गेल्यावर “तुमचे सिबिलच नाही” असे उत्तर मिळते. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या गावात असा अनुभव येणारे लोक थोडे नाहीत. अशा अर्जदाराने पैसे कधी बुडवलेले नसतात, फक्त त्याने ते फेडल्याची नोंद बँकेच्या पडद्यावर दिसत नाही.

ही नोंद कशी तयार होते, ती नसताना बँक काय पाहते, पहिले कर्ज कोणते घ्यावे आणि अर्ज नाकारला गेल्यास काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणे सिंदी मेघे आणि वर्धा परिसरातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून घेतली आहेत. नियम मात्र देशभर सारखेच आहेत.

‘सिबिल नाही’ म्हणजे काय?

बोलीभाषेत ‘सिबिल’ म्हणजे कर्जफेडीची गुणसंख्या. मुळात सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. ती २००० साली स्थापन झाली आणि आज ‘ट्रान्सयुनियन सिबिल’ म्हणून ओळखली जाते. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या भारतात हेच काम करतात. त्यांना पतमाहिती कंपन्या म्हणतात. त्यांचे काम २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्यानुसार आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते.

बँका आणि वित्तसंस्था प्रत्येक कर्जदाराची माहिती या कंपन्यांना पाठवतात. कर्ज किती, हप्ता कधी भरला, किती दिवस उशीर झाला, किती बाकी आहे, हे त्यात असते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले आहे. या नोंदींवरून ३०० ते ९०० या दरम्यान गुणसंख्या काढली जाते.

ज्याने कधीच बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतले नाही, त्याच्या अहवालात गुणसंख्येच्या जागी ‘एनए’ किंवा ‘एनएच’ अशी अक्षरे येतात. नोंदी अपुऱ्या असतील किंवा गेल्या काही वर्षांत कर्जाचा काहीच व्यवहार नसेल, तरीही हीच अक्षरे दिसू शकतात. हा वाईट शेरा नाही. कमी गुणसंख्या म्हणजे हप्ते थकल्याची खूण असते, तर ‘एनएच’ म्हणजे पान कोरे आहे. थकलेल्या हप्त्यांचा डाग पुसायला बराच काळ जातो. कोऱ्या पानावर मात्र साधारण सहा महिन्यांच्या नियमित नोंदींनंतर गुणसंख्या दिसू लागते.

नियम काय सांगतो?

कर्ज देण्यासाठी किमान अमुक गुणसंख्या हवीच, अशी कोणतीही अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. प्रत्येक बँक आपल्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणानुसार निर्णय घेते. रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशात बँकांना असाही सल्ला दिला आहे, की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये. अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत हीच भूमिका मांडली.

या निर्देशामुळे कर्ज मिळण्याचा हक्क मात्र तयार होत नाही. बँक उत्पन्न, व्यवसाय, आधीचे देणे आणि कागदपत्रे तपासणारच, आणि त्यातून समाधान न झाल्यास नकारही देऊ शकते. फक्त ‘सिबिल नाही’ एवढ्या एका कारणावर विषय संपवणे योग्य नाही, असा या निर्देशाचा अर्थ आहे. म्हणून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याचा सगळा भर इतर पुराव्यांवर असायला हवा.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बचत गटांच्या सदस्यांसाठी आणि ग्रामीण भागातील लोकांसाठी ‘ग्रामीण क्रेडिट स्कोअर’ची चौकट सरकारी बँकांनी तयार करावी, अशी घोषणा झाली. नेहमीच्या पद्धतीत गावातील बरीच प्रामाणिक माणसे दिसतच नाहीत, हे यामागचे कारण आहे.

कोणती फेड नोंदली जाते, कोणती नाही?

बँक, नोंदणीकृत वित्त कंपनी आणि सूक्ष्म वित्त संस्था यांच्या कर्जाची नोंद होते. क्रेडिट कार्ड, सोनेतारण कर्ज, पीककर्ज, शैक्षणिक कर्ज, दुकानातून हप्त्यावर घेतलेला मोबाइल किंवा फ्रिज, अॅपवरून ‘आता घ्या, नंतर भरा’ पद्धतीने केलेली खरेदी, हे सगळे त्यात येते.

किराण्याची उधारी, भिशी, नातेवाइकांचे हातउसने आणि सावकाराचे कर्ज यांची नोंद होत नाही. पतसंस्थेच्या बाबतीत चौकशी करावी लागते, कारण अनेक पतसंस्था पतमाहिती कंपन्यांना माहिती पाठवत नाहीत. दहा वर्षे पतसंस्थेचे हप्ते वेळेवर भरलेल्या सभासदाचाही अहवाल त्यामुळे कोरा असू शकतो. अशा सभासदाने संस्थेकडून कर्जखात्याचा उतारा आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घेऊन अर्जासोबत जोडावा. गुणसंख्येत त्याची भर पडत नाही, पण शाखा व्यवस्थापकासमोर तो लेखी पुरावा असतो.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. शेतकरी आत्महत्यांच्या संकटानंतर २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. पुढे वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका मोठ्या आर्थिक अडचणीत आल्या. गावच्या सोसायटीतून पीककर्ज घेण्याची ज्यांना सवय होती, त्यांना नवी वाट शोधावी लागली. बँकेचे दार बंद झाले, की माणूस सावकाराकडे वळतो. तिथे ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला ५ टक्के, वर्षाला ६० टक्के व्याज. आणि ते कर्ज फेडूनही बँकेच्या दृष्टीने अहवालाचे पान कोरेच राहते.

आधी स्वतःचा अहवाल पाहावा

‘मी कधी कर्ज घेतलेच नाही’ असे वाटणाऱ्या अनेकांच्या नावावर प्रत्यक्षात नोंद सापडते. कधी जुन्या मोबाइलच्या हप्त्यातील दोनशे रुपये दंड बाकी असतो, कधी मित्राच्या गाडीच्या कर्जाला दिलेला जामीन पुढे येतो. म्हणून बँकेत जाण्याआधी स्वतःचा अहवाल पाहावा.

चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत दिला पाहिजे, असा नियम आहे. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पॅन क्रमांक आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या आधारे मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणसंख्या कमी होत नाही. बँकेने कर्जाच्या अर्जासाठी केलेली चौकशी मात्र नोंदली जाते.

अहवालात पुढील गोष्टी तपासाव्यात :

- नाव, जन्मतारीख आणि पॅन क्रमांक बरोबर आहेत का. मराठी नावांचे इंग्रजी स्पेलिंग, वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येणे, लग्नानंतर बदललेले आडनाव यांमुळे गोंधळ होतो. कधी सारख्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचे कर्ज आपल्या अहवालात येते.
- फिटलेले कर्ज ‘बंद’ दाखवले आहे का. कर्जमाफीत किंवा तडजोडीत मिटलेल्या पीककर्जाची नोंद कशी आहे, हेही पाहावे आणि बँकेकडून बेबाकी प्रमाणपत्र घेऊन ठेवावे.
- आपण न केलेल्या अर्जाची चौकशी नोंदलेली आहे का.

चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे तक्रार करता येते. ३० दिवसांत तिचे निराकरण झाले नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

गुणसंख्या नसेल तर बँक काय पाहते?

*उत्पन्नाचा माग.* नोकरदारासाठी पगारपत्रक, पगार जमा होणारे खाते आणि फॉर्म १६ पुरेसे असते. सावंगीच्या रुग्णालयात कंत्राटी काम करणारा, वर्ध्यात ऑटो चालवणारा किंवा घरी शिलाईकाम करणारी व्यक्ती यांच्याकडे ही कागदपत्रे नसतात. त्यांच्यासाठी बँक खात्याचा सहा ते बारा महिन्यांचा उतारा हाच मुख्य पुरावा ठरतो. रोजची विक्री रोखीत घेऊन रोखीतच खर्च केली, तर बँकेसाठी ते उत्पन्न नसल्यासारखेच. तीच रक्कम यूपीआयने किंवा दर दोन-चार दिवसांनी खात्यात भरली, तर वर्षभरात व्यवसायाचे चित्र उभे राहते.

*स्थैर्य.* एकाच पत्त्यावर किती वर्षे, एकाच कामात किती वर्षे, हे पाहिले जाते. वीजबिल, घरपट्टीची पावती, भाडेकरार आणि आधारवरील पत्ता जुळत असावा. सिंदी मेघे आणि सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे ही दोन वेगळी गावे आहेत. कागदपत्रांत नुसते ‘सिंदी’ लिहिलेले असेल, तर पत्त्याच्या पडताळणीत घोळ होऊ शकतो.

*आधीचा बोजा.* सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या आत राहावेत, असे बँका पाहतात. महिन्याला १८,००० रुपये मिळवणाऱ्या माणसाचा आधीच ६,००० रुपयांचा हप्ता सुरू असेल, तर नव्या हप्त्याला फारतर एक ते तीन हजारांची जागा उरते.

*तारण किंवा हमी.* मुदत ठेव, सोने, घर, किंवा सरकारी योजनेची हमी यांमुळे बँकेची जोखीम कमी होते. त्यामुळे पतइतिहास नसल्याचे वजनही कमी होते.

अर्जाआधीच्या सहा महिन्यांतील तयारी

१. सगळे व्यवहार एकाच खात्यातून करावेत. ज्या शाखेत कर्ज मागायचे, तिथेच खाते असल्यास उत्तम. खात्यात थोडी शिल्लक नेहमी राहू द्यावी आणि धनादेश किंवा स्वयंचलित हप्ता परत जाऊ देऊ नये.

२. दर महिन्याला ठरावीक रकमेचे आवर्ती ठेव खाते सुरू करावे. तीन हजारांचा हप्ता झेपेल असे तोंडी सांगण्यापेक्षा सहा महिने तीन हजार बाजूला टाकून दाखवणे अधिक पटते. पैसाही स्वतःचाच राहतो.

३. व्यवसायाची नोंदणी करावी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. दुकानासाठी शॉप अॅक्टखाली नोंद करता येते. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर महाराष्ट्रात केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

४. उत्पन्न करपात्र नसले, तरी आयकर विवरणपत्र भरावे. मोठ्या कर्जासाठी बँका दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात आणि ती मागाहून एकदम तयार करता येत नाहीत.

५. बँका आणि वित्त कंपन्या आता ‘अकाउंट अॅग्रिगेटर’ या व्यवस्थेतून खात्याची माहिती घेतात. त्यासाठी अर्जदाराची संमती लागते. कोणती माहिती आणि किती काळासाठी दिली जात आहे, हे वाचूनच संमती द्यावी.

पहिले कर्ज कोणते असावे?

पहिल्या कर्जातून पैशाबरोबर फेडीची नोंदही मिळते. म्हणून ते लहान, झेपणारे आणि नोंद पाठवणाऱ्या संस्थेचे असावे.

*मुदत ठेवीवरील कर्ज किंवा कार्ड.* बँकेत १५-२० हजारांची ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड मिळते. पतइतिहास सुरू करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. कार्डाची मर्यादा १०,००० असेल, तर महिन्याचा वापर ३,००० च्या आत ठेवावा आणि पूर्ण बिल मुदतीपूर्वी भरावे. केवळ ‘किमान रक्कम’ भरत राहिल्यास उरलेल्या रकमेवर जबर व्याज लागते.

*सोनेतारण.* यात गुणसंख्येपेक्षा सोन्याचे मूल्य महत्त्वाचे असते. मुदतीत सोडवले नाही, तर दागिना लिलावात जाऊ शकतो. त्यामुळे सोडवण्याची तारीख आधीच ठरवून कर्ज घ्यावे.

*बचत गट.* ‘उमेद’ अभियानाशी किंवा माविमशी जोडलेल्या महिला गटाला नियमित बचत, बैठका आणि अंतर्गत कर्जफेड यांच्या आधारे बँक कर्ज देते. इथे पत एकटीची नसून गटाची असते. गटाचे इतिवृत्त आणि हिशोबाच्या वह्या नीट असणे हाच पुरावा. सूक्ष्म वित्त कंपन्यांची गटकर्जे वेगळी असतात. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ती विनातारण मिळतात. सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेणे, ही अडचणीची सुरुवात असते.

*पीएम स्वनिधी.* हातगाडी, पथारी आणि फेरीवाल्यांसाठी ही योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मधील बदलांनंतर पहिले कर्ज १५,००० रुपये, ते फेडल्यावर २५,००० आणि नंतर ५०,००० रुपये अशी चढण आहे. वेळेवर फेड केल्यास व्याजात ७ टक्के सवलत मिळते. योजनेतील कर्जाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. सिंदी मेघेसाठी यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेत हे गाव ‘जनगणना शहर’ म्हणून गणले गेले, पण इथे नगरपालिका नाही. योजना मूळची नगरपालिका क्षेत्रांसाठी होती. गावात राहून वर्धा शहरात विक्री करणाऱ्याला शहराच्या नगर परिषदेच्या शिफारसपत्रावर ती घेता येत होती. नव्या बदलांत जनगणना शहरे आणि शहरालगतचे भागही टप्प्याटप्प्याने योजनेत घेण्याचे ठरले आहे. नगर परिषदेत तशी चौकशी करावी.

*पीएम विश्वकर्मा.* सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, धोबी, गवंडी, चर्मकार आदी १८ पारंपरिक व्यवसायांसाठी ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला. प्राथमिक प्रशिक्षणानंतर १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख रुपये ५ टक्के व्याजाने, विनातारण मिळतात. अर्ज सामायिक सुविधा केंद्रातून होतो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. गेल्या पाच वर्षांत मुद्रा किंवा स्वनिधी कर्ज घेतले असेल, तर ते पूर्ण फेडलेले असावे लागते. त्यामुळे कोणती योजना आधी घ्यायची, याचा विचार करूनच अर्ज करावा.

*मुद्रा कर्ज.* शेतीबाहेरच्या लहान व्यवसायासाठी शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज फेडणाऱ्यांना २० लाखांपर्यंत पुढचा टप्पा आहे. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याने यंत्राचे किंवा मालाचे दरपत्रक, अपेक्षित विक्री आणि खर्च यांचा एक पानी हिशोब सोबत न्यावा.

*किसान क्रेडिट कार्ड.* शेतकऱ्याला १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देण्याची तरतूद आहे. मुदतीत फेडल्यास केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याला पडते. मक्त्याने शेती करणाऱ्यांसाठी संयुक्त देयता गटाचा मार्ग आहे.

*शैक्षणिक कर्ज.* विद्यार्थ्याचा पतइतिहास नसतोच, म्हणून पालक सहकर्जदार असतात आणि त्यांचा अहवाल पाहिला जातो. ४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

सहकर्जदार आणि जामीनदार

चांगली गुणसंख्या असलेली पत्नी, पती, वडील किंवा भाऊ सहकर्जदार झाल्यास मंजुरीची शक्यता वाढते आणि दोघांचे उत्पन्न एकत्र धरले जाते. मात्र हप्ता चुकला, तर दोघांच्याही अहवालात थकबाकी दिसते. जामीनदाराच्या बाबतीतही तसेच. दिलेला जामीन त्याच्या अहवालात येतो आणि कर्ज थकल्यास बँक त्याच्याकडून वसुली करू शकते. कुणाला जामीन राहायला सांगताना ही गोष्ट त्याला आधी स्पष्टपणे सांगावी.

घर-प्लॉटची कागदपत्रे

घरकर्जात अर्जदाराइतकीच मालमत्ताही तपासली जाते. शहरालगतच्या ग्रामपंचायत हद्दीत अर्ज अनेकदा इथेच अडतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे आणि केवळ त्याच्या आधारे बँका सहसा कर्ज देत नाहीत. प्लॉटचा अकृषक आदेश, मंजूर ले-आउट, नोंदणीकृत खरेदीखत आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका लागते. गावठाणातील घरांसाठी स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका दिली जाते. इसारापोटी मोठी रक्कम देण्यापूर्वी ही कागदपत्रे बँकेच्या वकिलाकडून तपासून घ्यावीत. अन्यथा कर्जही मिळत नाही आणि इसारही अडकतो.

हप्ता आणि खरा व्याजदर

१ लाख रुपये १२ टक्के घटत्या शिलकीच्या व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १९,६०० रुपये होते. हेच कर्ज पाच वर्षांचे केले, तर हप्ता सुमारे २,२२४ रुपयांवर येतो, पण व्याज सुमारे ३३,५०० रुपये होते. पहिल्या कर्जात जरा लांब मुदत घेऊन प्रत्येक हप्ता नक्की भरणे हे मोठा हप्ता घेऊन चुकण्यापेक्षा बरे.

‘१२ टक्के फ्लॅट’ असे सांगितल्यास सावध राहावे. त्यात पूर्ण १ लाखावर तीनही वर्षे व्याज लागते, म्हणजे ३६,००० रुपये. घटत्या शिलकीने मोजल्यास तो दर सुमारे २१ टक्के होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जे आणि लघुउद्योगांची मुदत कर्जे देताना ‘मुख्य तथ्य पत्रक’ देणे बंधनकारक आहे. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून वर्षाचा एकूण दर त्यात दिलेला असतो. दोन संस्थांची तुलना करताना हाच आकडा पाहावा.

काय टाळावे?

- एका आठवड्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशी नोंदली जाते आणि अर्जदार पैशासाठी अडला आहे असा अर्थ काढला जातो. आधी पात्रता विचारून एक-दोन ठिकाणीच अर्ज करावा.
- ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. चुकीची नोंद मोफत दुरुस्त होते आणि खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही.
- कर्ज मिळण्याआधी ‘फाइल चार्ज’ किंवा ‘विमा’ म्हणून कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे भरू नयेत.
- कर्ज देणारे अॅप फोनमधील संपर्क किंवा छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागत असेल, तर ते काढून टाकावे. नियमानुसार अॅपमागे नोंदणीकृत बँक किंवा वित्त कंपनी असावी लागते आणि पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यावे लागतात. जुलै २०२५ पासून अशा अॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते.
- उत्पन्न फुगवून सांगू नये आणि खोटे पगारपत्रक जोडू नये. पडताळणीत ते उघड झाले, तर त्या बँकेचे दार कायमचे बंद होऊ शकते आणि फसवणुकीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

अर्ज नाकारला गेल्यास

नकाराचे मुख्य कारण बँकेने लेखी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो कर्जाच्या सर्व प्रकारांना लागू आहे. तोंडी नकारावर परत न फिरता अर्जाची पोच घ्यावी आणि लेखी कारण मागावे. कारण कळले, की पुढची वाट ठरवता येते. उत्पन्नाचा पुरावा कमी पडला असेल तर सहा महिने खात्यातून व्यवहार वाढवावेत, बोजा जास्त असेल तर एखादे लहान कर्ज आधी संपवावे, आणि मालमत्तेची कागदपत्रे अपुरी असतील तर ती पूर्ण करावीत.

केवळ पतइतिहास नाही एवढेच कारण दिले असेल, तर ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशाचा उल्लेख करून शाखा व्यवस्थापकाला आणि नंतर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला फेरविचाराचा अर्ज द्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. मात्र कर्ज द्यायचे की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो आणि लोकपाल तो बदलत नाही. लेखी कारण न देणे, चुकीची नोंद, विनाकारण दिरंगाई अशा बाबतींतच तक्रारीचा उपयोग होतो.

सरकारी योजनेतील अर्ज रखडला असेल, तर वर्ध्यातील जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाचे कार्यालय आणि जिल्हा उद्योग केंद्र येथे पाठपुरावा करता येतो. वर्धा जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे.

कर्ज मिळाल्यानंतरचे पहिले वर्ष

पतइतिहास कर्ज मंजूर झाल्याने तयार होत नाही, तो हप्ता भरल्याने होतो. हप्त्याची तारीख उत्पन्न हाती येण्याच्या दिवसांनंतरची ठेवावी. पगार ७ तारखेला होत असेल, तर हप्ता १० तारखेचा मागून घ्यावा. सोयाबीन-कापसावर घर चालत असेल, तर मासिक हप्त्यापेक्षा हंगामानंतर फेड असलेले कर्ज सोयीचे. एक हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायम बाजूला ठेवावी, म्हणजे घरात आजारपण आले तरी नोंद बिघडत नाही. अडचण येणारच असेल, तर हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन सांगावे.

कर्ज फिटल्यावर बेबाकी प्रमाणपत्र घ्यावे, तारण ठेवलेली कागदपत्रे परत घ्यावीत आणि महिन्याभराने अहवालात खाते ‘बंद’ दिसते का, हे पाहावे. पंधरा हजारांचे एक लहानसे कर्ज असे वेळेवर फेडले, की पुढच्या वेळी बँकेच्या पडद्यावर कोऱ्या पानाऐवजी अर्जदाराने भरलेले हप्ते दिसतात.